धंदा डिझाइनचा (लेखांक ९) : फोटोचे पैसे कोणाच्या खात्यात?

मागच्या आठवड्यात दुरुस्त्यांच्या फेऱ्या कोटेशनमध्ये कशा बांधायच्या ते पाहिले. त्याच कोटेशनमधली आणखी एक ओळ बहुतेक डिझाइनर लिहायचीच टाळतात : फोटोंचे लायसन्स. दहा हजारांच्या कामात दोन हजार फोटोंचे वेगळे मागितले तर गिऱ्हाईक बिथरेल, ही धास्ती. मग एक तर ते पैसे आपल्याच मजुरीतून जातात, नाहीतर फोटो गुगलवरून उचलला जातो. पहिल्यात नुकसान एकट्याचे, दुसऱ्यात दोघांचे.

‘नेटवर ढिगाने पडलेत की फोटो, त्याचे कसले पैसे?’ हे ऐकावे लागणारच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि तिच्यावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जाणूनबुजून तो मोडल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. शिवाय नोटीस काढणारा आधी जाहिरातीवर ज्याचे नाव दिसते त्याला गाठतो, म्हणजे गिऱ्हाइकाला. एवढे शांतपणे सांगितले तरी निम्मा वाद मिटतो.

उरलेला निम्मा मिटवायचा तर आपण नेमके काय विकत घेतो ते आपल्याला ठाऊक हवे. शटरस्टॉक, अॅडोबी स्टॉक, आयस्टॉक यांच्याकडून मिळतो तो फोटो नव्हे, फोटो वापरायची परवानगी. बहुतेक फोटो रॉयल्टी-फ्री असतात : पैसे एकदाच भरायचे, पुढे दर वापराला नवे पैसे नाहीत. पण अटी असतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिली अट प्रतींची. या तिन्ही ठिकाणी साध्या लायसन्सवर साधारण पाच लाख छापील प्रतींपर्यंतच मुभा मिळते. ब्रोशर किंवा कॅटलॉग करणाऱ्याला ही मर्यादा आयुष्यात आडवी येणार नाही. पण तुमचे गिऱ्हाईक मसालेवाले असेल आणि मिरचीचा तो फोटो पाच रुपयांच्या पुडीवर जाणार असेल, तर पाच लाखांचा आकडा बघता बघता ओलांडला जातो. तिथे विस्तारित लायसन्स लागते आणि त्याची किंमत साध्याच्या कित्येक पट असते. विकायच्या मगवर किंवा टी-शर्टवर फोटो हाच मुख्य माल असेल, तरीही तेच. लोगोत मात्र स्टॉक फोटो चालतच नाही. ‘एडिटोरियल’ असा शिक्का असलेला फोटो बातमीला चालतो, जाहिरातीला नाही. त्यातल्या माणसांची संमती सहसा घेतलेलीच नसते.

दुसरी गोष्ट, हा फोटो तुमच्या गिऱ्हाइकाचा एकट्याचा नसतो. २००४ साली अमेरिकेत डेल आणि गेटवे या एकमेकींच्या स्पर्धक संगणक कंपन्यांच्या जाहिरातींत एकच विद्यार्थिनी झळकली होती. दोघींनीही स्टॉक फोटोच घेतले होते. आपल्याकडे दोन बिल्डरांच्या ब्रोशरवर तेच हसरे कुटुंब दिसले, तर गिऱ्हाईक तुम्हालाच जाब विचारील. ते आधीच सांगितलेले बरे.

तिसरी अट हिशेबाच्या मुळाशी जाते. एका गिऱ्हाइकासाठी घेतलेला फोटो दुसऱ्याच्या कामात वापरायचा तर पुन्हा लायसन्स घ्यावे लागते. म्हणजे तो फोटो तुमच्या दुकानातला माल होतच नाही. वापर गिऱ्हाइकाचा, अटीही त्यालाच लागू. मग खर्चही त्याच्याच खात्यात जायला हवा. यात मागायला संकोच वाटण्यासारखे काही नाही.

वसुलीचे तीन मार्ग आहेत. मोठी कंपनी असेल तर तिच्याच खात्यातून फोटो घ्यायला लावा; तुम्ही फक्त फोटोंचे क्रमांक पाठवा. दुसरा मार्ग, पैसे तुम्ही भरायचे आणि बिलात वेगळ्या ओळीत प्रत्यक्ष खर्च दाखवायचा. जीएसटी नियम ३३ प्रमाणे अशी रक्कम तुमच्या सेवामूल्यातून वगळता येते. पण त्यासाठी गिऱ्हाइकाने पैसे भरायला तुम्हाला अधिकार दिलेला हवा, रक्कम बिलात स्वतंत्र हवी आणि तिच्यावर एक रुपयाही चढवलेला नको. नफा चढवलात की ती तुमची सेवा झाली; कर सगळ्यावर लागतो. तिसरा मार्ग महिन्याचे सबस्क्रिप्शन असलेल्यांचा : दर फोटोचा एक ठरावीक दर लावायचा आणि तो आपल्या सेवेतच धरून कर आकारायचा. फोटो परदेशी कंपनीकडून घेत असाल तर रिव्हर्स चार्जचे काय, हे आपल्या सीएला एकदा विचारून ठेवा.

मग यात आपण कमावायचे कुठे? निवडीत. तीनशे फोटो चाळून चार काढायला अर्धा दिवस जातो. तो ‘फोटो संशोधन’ म्हणून मजुरीत उघडपणे लावा. फोटोच्या किमतीत गुपचूप भर घातलीत, तर साइटवर भाव बघणाऱ्या पहिल्याच गिऱ्हाइकाकडून पकडले जाल.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी वॉटरमार्क असलेली फुकट कच्ची प्रत वापरून डिझाइन दाखवा. फोटो पसंत पडले की व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी होकार घ्या, फोटोंचे पैसे आगाऊ घ्या आणि मगच लायसन्स काढा. आधी काढलेत आणि गिऱ्हाइकाने आयत्या वेळी फोटो बदलला, तर भुर्दंड तुमच्या माथी. काम संपल्यावर लायसन्सची पावती बिलासोबत जोडा, एक प्रत स्वतःकडे ठेवा.

कोटेशनमध्ये लिहायचा मजकूर एवढाच : ‘फोटो लायसन्स, अंदाजे ४ फोटो : प्रत्यक्ष खर्चानुसार, निवड मंजूर झाल्यावर आगाऊ. वापर : ब्रोशर व वेबसाइट. पॅकिंग किंवा विक्रीच्या वस्तूंसाठी वेगळे लायसन्स घ्यावे लागेल.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. दोन वर्षांनी तेच चित्र पुडीवर छापायची हुक्की गिऱ्हाइकाला आली, तर ते वाक्य तुमच्या बाजूने उभे राहील.

पुढील आठवड्यात : स्टॉकऐवजी गावातल्याच फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले, तर मालक कोण? फोटोग्राफर, डिझाइनर की पैसे देणारा? करारात मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारत. तेव्हा हातातले जुने करार तोवर काढून ठेवा.