यादी आधी, वाचन मग

७ नोव्हेंबर १९७५ची रात्र. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या आयलंड ट्रीज भागातल्या हायस्कुलात कार्यक्रम होता. तो आटोपल्यावर स्कूल बोर्डाच्या दोन सदस्यांनी शाळेच्या कर्मचाऱ्याकडून ग्रंथालयाचं दार उघडून घेतलं आणि कार्ड कॅटलॉगचे खण ओढून ते एकेक नाव ताडून पाहू लागले. त्यांच्याजवळ एक यादी होती. पालकांच्या एका परंपरावादी संघटनेच्या परिषदेतून त्यांनी ती सप्टेंबरात आणली होती. त्या रात्री यादीतली नऊ पुस्तकं सापडली, पुढे आणखी दोन.

फेब्रुवारी १९७६मध्ये ती काढून घेण्याचा आदेश निघाला. शाळांचे अधीक्षक रिचर्ड मॉरो यांनी हरकत घेतली : दुसऱ्या कुणी केलेल्या यादीवर आपण कारवाई का करायची, आणि अशा तक्रारींसाठी ठरलेली पद्धत आहे ती कशासाठी? बोर्डाने मग पत्रक काढलं. पुस्तकं अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ गलिच्छ आहेत, असं त्यात ठणकावलं होतं.

या अकरा पुस्तकांत बर्नार्ड मॅलमड यांची ‘द फिक्सर’ ही कादंबरी होती. लेखक ज्यू, नायक ज्यू. झारच्या रशियात एका ख्रिस्ती मुलाच्या खुनाचा खोटा आळ घेऊन त्याला तुरुंगात सडवलं जातं, ही गोष्ट. १९६७चं पुलित्झर तिला मिळालेलं. बोर्डाने नेमलेल्या पालक-शिक्षकांच्या समितीने ती ठेवावी असं सांगितलं, तरी बोर्डाने ती काढलीच. पूर्ण न वाचता सुट्या उताऱ्यांवरून पुस्तक जोखलं की असंच व्हायचं. ज्यूंचा द्वेष करणारी पात्रं दिसतात, त्यांना लेखकाने कशासाठी उभं केलंय ते दिसत नाही. अकरापैकी एकच पुस्तक बिनशर्त परत आलं. रिचर्ड राइट यांच्या ‘ब्लॅक बॉय’ला पालकांच्या परवानगीची अट लागली.

स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थी १९७७मध्ये कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जून १९८२मध्ये लागला, पाच विरुद्ध चार असा काठावर. न्यायमूर्ती ब्रेनन यांचं म्हणणं : विचार पसंत नाहीत एवढ्यावरून बोर्डाला ग्रंथालयातलं पुस्तक काढता येणार नाही. मात्र ते सरसकट अश्लील असेल किंवा शिक्षणाच्या दृष्टीने अयोग्य असेल, तर काढता येईल. ब्रेनन यांच्या या मताला बहुमत मिळालं नाही. पाचव्या न्यायमूर्तींनी एवढंच म्हटलं की आधी खटला चालवून बोर्डाचा हेतू तपासा.

तो खटला कधी चाललाच नाही. बोर्डाने ऑगस्टमध्ये पुस्तकं परत ठेवायचं ठरवलं. हेतू गुलदस्त्यातच राहिला. माझ्या मते या निकालाची खरी शिकवण बोर्डांनी घेतली, विद्यार्थ्यांनी नव्हे : पुस्तक काढा, पण कारण नीट लिहा. ‘अमेरिकाविरोधी’ म्हणालात तर अडकाल, ‘वयाला अनुरूप नाही’ म्हणालात तर सुटाल. फ्लोरिडातल्या २०२३च्या कायद्याने ठरवलं : लैंगिक वर्णनाची हरकत आली की पाच शालेय दिवसांत पुस्तक कपाटाबाहेर, तपासणी नंतर. एस्कांबिया काउंटीत तर तपासणीच्या ढिगात शब्दकोशही जाऊन पडले.

यादीचा धंदाही थांबला नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये टेक्ससचे आमदार मॅट क्राउस यांनी सुमारे ८५० पुस्तकांची यादी शाळांना पाठवून विचारलं, यातली तुमच्याकडे किती? त्याच राज्यातल्या लॅनो काउंटीत हे लोण शाळेच्या कुंपणाबाहेर, सार्वजनिक ग्रंथालयात पोचलं. तिथून काढलेल्या सतरा पुस्तकांत लहान मुलांची पादण्यावरची विनोदी पुस्तकं होती, आणि इझाबेल विल्करसन यांचं ‘कास्ट’ही. अमेरिकेतला वर्णभेद भारतातल्या जातींशेजारी ठेवून पाहणारं, आंबेडकरांची आठवण काढणारं हे पुस्तक पादण्याच्या विनोदांसोबत वाचकांनी लावलेल्या एकाच खटल्यात आलं!

मे २०२५मध्ये त्या खटल्यात पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दहा विरुद्ध सात मतांनी निकाल दिला : ग्रंथालयातून पुस्तक काढलं तर वाचकाला त्याला आव्हान देता येणार नाही; त्यातल्या काही न्यायमूर्तींच्या मते तर ग्रंथालयात काय ठेवायचं हे सरकारचं स्वतःचं बोलणंच आहे. पुस्तक हवं असेल तर विकत घ्या, मित्राकडून आणा, असा सल्लाही निकालपत्रात आहे. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे त्या अपील न्यायालयाच्या हद्दीतल्या टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आता कारण नीट लिहिण्याचीही तसदी उरलेली नाही.