जुनी जीप : घरची दुरुस्ती आणि तिचा क्रम

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने जुनी जीप घराच्या अंगणात दुरुस्तीस काढली आहे, त्याला या दोहोंत तिसऱ्या कार्याची भर घालावीशी वाटली तर नवल नाही. काम हौसेने सुरू होते. परंतु ते कोणत्या टोकाकडून सुरू करावे याचा विचार आधी झाला नाही, तर हौसेचे रूपांतर प्रथम खर्चात आणि पुढे कदाचित संकटात होते.

जीप हे मूळचे रणांगणावरील वाहन. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या अवधीत, विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीजच्या सुट्या भागांची जुळणी आरंभिली. पुढे उंच बॉनेटची जीप याच परंपरेतून निघाली व कित्येक दशके ती आपल्या खेड्यापाड्यांतून आणि घाटांतून धावत राहिली. आघाडीवरील सैनिकाला थोडक्या हत्यारांनिशी दुरुस्त करता यावी, अशीच तिची रचना केलेली असल्यामुळे तिचा टप निराळ्या चेसिसवर बोल्टांनी बसविलेला असतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात सहज पोहोचतो. घरगुती दुरुस्तीस ती सोयीची पडते, याचे रहस्य हेच होय.

पण हात पोहोचतो म्हणून तो कोठेही घालावा असे नव्हे. हौशी मालकाचे लक्ष प्रथम जाते ते रंगाकडे, रुंद टायरांकडे आणि जोरदार इंजिनाकडे. वस्तुतः क्रम याच्या उलट हवा. गाडी आधी खात्रीने थांबली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे, आणि वेगाने धावण्याचा प्रश्न सर्वांच्या शेवटी आला पाहिजे. याचे कारण साध्या गणिताचे आहे. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगची गतिशक्ती चौपट होते आणि ती सारी ब्रेकला उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. युद्धकालीन जीपच्या इंजिनाची शक्ती सुमारे ६० अश्वबळ होती, आणि तिच्या चाकांतील ९ इंची ब्रेकड्रम त्याच बेताचे होते. त्याच ड्रमांवर दीडपट शक्तीचे इंजिन लादणे म्हणजे घाटाच्या उतारावर दैवाची परीक्षा पाहणे होय.

ब्रेकचे काम हाती घेताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषून घेते. लांब उतारावर ब्रेक तापले म्हणजे त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल नुसतेच खाली जाते. म्हणून जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरावे व चारही चाकांतून हवा काढावी. दुसरी गोष्ट मास्टर सिलिंडरची. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचा ब्रेक एकाच नळीमार्गावर अवलंबून असतो. कोठेही एक नळी फुटली की सारेच ब्रेक जातात. पुढील व मागील चाकांसाठी दोन स्वतंत्र मार्ग असलेला सिलिंडर बसविणे, ही जुन्या जीपमधील सर्वांत मोलाची सुधारणा म्हटली पाहिजे. तिसरी गोष्ट धुळीची. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकर मारून वा हवेच्या झोताने कधीही उडवू नये; ओल्या फडक्यानेच पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. तिचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत रुतून बसतात आणि त्यांचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी प्रकट होतात.

ब्रेकनंतर सुकाणूचा विचार. ठराविक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात, ही जुन्या जीपची प्रसिद्ध खोड आहे. तिचे मूळ शोधण्यास महागडे यंत्र लागत नाही. पुढचे चाक जमिनीवरून उचलून वर व खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा किंगपिन झिजली आहे. डावी-उजवीकडे धरून हलविल्यास खेळ दिसला, तर बहुधा टायरॉडचे सांधे सैल झाले आहेत. मात्र गाडीखाली शिरण्यापूर्वी ती सपाट, टणक जमिनीवर घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही तिच्याखाली जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे.

त्यानंतर पाळी विजेची. युद्धकालीन जीपची विद्युत्‌योजना ६ व्होल्टची होती. ३६ वॉटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर ३ अँपिअर पुरतो. आणि प्रवाह निम्मा झाला की तारेतील विजेची नासाडी चौथाईवर येते. १२ व्होल्टची योजना केल्यास दिवे प्रखर का होतात, हे यावरून कळेल. तथापि त्याबरोबर बल्ब, कॉइल व डायनामोही बदलावे लागतात, आणि जीर्ण वेष्टणाच्या तारा काढून प्रत्येक शाखेला फ्यूज घालावा लागतो. एरवी उजेडाऐवजी आगच पदरी यावयाची.

इंजिन सर्वांत शेवटी. ते दुबळे भासले तरी लगेच बदलू नये. रेडिएटरमधील क्षार, सैल व्हॉल्व्ह किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगा एवढेच कारण पुष्कळदा निघते. बदलणे अटळच असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आधी पाहावे व नोंदणी अधिकाऱ्याची संमती घ्यावी. नोंदीपेक्षा निराळे इंजिन घेऊन फिरणारी गाडी अपघाताच्या वेळी विम्याच्या प्रश्नातही अडकते.

तात्पर्य, जुन्या जीपचा जीर्णोद्धार हे घाईचे काम नव्हे. रंगाला पाहुणे वाहवा देतात. ब्रेकची नवी नळी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु पावसाळ्यात, ओल्या घाटाच्या वळणावर, कुटुंबाचा भरवसा असतो तो त्या न दिसणाऱ्या नळीवरच.