लिहिता लिहिता कळते

लिहिणे हे लेखकांचे काम, आपण आपले वाचावे, ऐकावे, असे पुष्कळांना वाटते. वीस वर्षे मुलांचे निबंध तपासूनही मला तसेच वाटे!

दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुटीत तिफणीच्या पेरणीवर चार पाने लिहावीत असे मनात आले. आमच्याकडे आता ट्रॅक्टरने पेरतात; पण लहानपणी मी तिफणीमागे धावलो आहे. म्हटले, तासाभराचे काम. तिफणीला तीन फण, वर लाकडी चाडे, चाड्यातून खाली तीन नळ्या. मूठ धरून बी सोडायचे, ते तासात पडते. पाच-सहा ओळी झाल्या आणि लेखणी अडली. किती बी सोडायचे हे हाताला कळते कसे? तिन्ही नळ्यांत ते सारखे कसे जाते? शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मिरवणाऱ्या मला उत्तर देता येईना.

वडिलांना विचारले. ते म्हणाले, "मी बैल हाकायचो. मूठ तुझी आई धरायची, तिला विचार."

मी कागदाकडे पाहिले. "वडील पेरीत," असे मी लिहिले होते. आईचे नावही नव्हते.

आई म्हणाली, "बैलांच्या चालीवर नजर ठेवायची. ते झपाट्यानं चालले की हात चालवायचा, रेंगाळले की आवरायचा. बोटं फिरती ठेवायची, म्हणजे बी एका नळीत साचत नाही. आणि तू कुठला धावतोस? बांधावर निजायचास!"

पाहा, विषय काढला पेरणीचा आणि सापडलो मी. नुसते बोलत राहिलो असतो तर ही चूक खपून गेली असती. बोलणे पुढे निघून जाते. कागदावरची ओळ तशीच समोर राहते आणि पुन्हा वाचावी लागते.

लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) उदाहरण घ्या. त्यांचे शिक्षण शाळेतले नव्हे. लिहावाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. मुलाने वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्या, म्हणून लिहू लागल्या, आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' चार भागांत बाहेर आली. निघाल्या पतीविषयी सांगायला. पण आपला भाबडेपणा, आपली भीती, आपले सोवळेओवळे कसे गळत गेले, हे सारे त्यांनी हसत हसत मांडले. वयाच्या साठीनंतर स्वतःकडे असे पाहणे सोपे नव्हे.

गुरुजी, बाई, आपल्या शाळेत 'माझी आई' हा निबंध फळ्यावरून उतरवून घेतला जातो. चाळीस वह्या, आई मात्र एकच! त्याऐवजी मुलांना एवढेच सांगून पाहा: घरी भाकरी कशी होते ते लिहा, आणि अडेल तिथे घरी जाऊन विचारा. शुद्धलेखनाच्या लाल खुणा पहिल्या दिवशी नकोत.

माझी चार पाने अजून पुरी झालेली नाहीत. चाड्यापाशी आईला उभे करायचे आहे, आणि मला बांधावर निजवायचे आहे.