'नभ' आणि 'नेबो': रशियन भाषा खरंच संस्कृतमधून आली का?

रशियन भाषेत आकाशाला 'नेबो' म्हणतात (उच्चार साधारण 'न्येबा'). आपल्याकडे 'नभ'. असे शब्द शेजारी ठेवून 'रशियन ही संस्कृतचीच मुलगी' असं सांगणाऱ्या पोस्ट तुम्हीही पाहिल्या असतील. शब्दांमधलं साम्य खरं आहे. पण निष्कर्ष खरा आहे का?

आदिस्लाव्ह म्हणजे काय?

रशियन, पोलिश, झेक, बल्गेरियन या भाषा ज्या एका भाषेतून निघाल्या, ती आदिस्लाव्ह. तिच्यात लिहिलेलं काहीच सापडत नाही, कारण स्लाव्ह लेखनाची सुरुवात ९व्या शतकातली. म्हणून तिच्या लेकी-भाषांची तुलना करून अभ्यासक तिचे शब्द पुन्हा उभे करतात. असा शब्द लिहिताना त्याच्या आधी तारा लावतात: *नेबो.

'स' कुठून आला?

*नेबो म्हणजे आकाश. पण 'आकाशाचा' म्हणायचं तर *नेबेसे आणि अनेकवचन *नेबेसा. हा मधला 'स' कुठला?

उत्तर संस्कृतच्या मदतीने मिळतं. मूळ शब्द 'नभस्', त्याची षष्ठी 'नभसः' आणि अनेकवचन 'नभांसि'. म्हणजे 'स' शब्दातच होता. आदिस्लाव्हमध्ये शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळाली, तेव्हा *नेबोचा 'स' गेला. पुढे प्रत्यय होता तिथे मात्र तो वाचला. रशियनमध्ये अनेकवचन आजही 'नेबेसा'च आहे.

शब्द उसने घेता येतात. अशी आडवळणाची रूपं मात्र सहसा वारशानेच येतात. त्यामुळे नातं पक्कं आहे.

मग आई कोण?

ग्रीकमध्ये ढगाला 'नेफॉस', लॅटिनमध्ये धुक्याला 'नेबुला', जर्मनमध्ये 'नेबेल'. सगळीकडे सुरुवात 'ने'ने होते. संस्कृतमध्ये मात्र 'न', कारण भारत-इराणी शाखेत जुन्या ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' या दोन्हींचा 'अ' झाला. एकदा मिसळलेले हे स्वर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. स्लाव्ह भाषा संस्कृतमधून आल्या असत्या, तर त्यांना हा 'ए' मिळालाच नसता.

उलट, मूळचा 'भ' संस्कृतने जपला, स्लाव्ह भाषांमध्ये त्याचा 'ब' झाला. एकीने स्वर सांभाळला, दुसरीने व्यंजन.

थोडक्यात, या मायलेकी नाहीत, एकाच घराण्यातल्या बहिणी आहेत. दोघींची पूर्वज म्हणजे आदि-इंडो-युरोपीय भाषा. तिथे हा शब्द *नेभॉस असा मानला जातो.