नवरदेवांची यादी

नेहरूंना पदाचा पहिला उघड कंटाळा आला तो एप्रिल १९५८ मध्ये. थोडे दिवस बाजूला व्हावे, वाचावे, विचार करावा असे त्यांनी बोलून दाखवले आणि काँग्रेसच्या खासदारांची पाचावर धारण बसली. विनवण्या झाल्या, नेहरू थांबले. पण प्रश्न एकदा तोंडातून बाहेर पडला तो पडलाच : नेहरूंनंतर कोण?

तोवर या प्रश्नाला निदान मनातल्या मनात उत्तरे होती. त्यातले मौलाना आझाद त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. गोविंद वल्लभ पंत मार्च १९६१ मध्ये गेले. पंतांच्या जागी संसदीय पक्षाचा उपनेता कोण, यावर मोरारजी देसाई आणि जगजीवनराम यांच्यात अशी चुरस लागली, की शेवटी मंत्री नसलेले दोन उपनेते, दोन सभागृहांना एकेक, नेमून वाद मिटवावा लागला. एरवी कोणी ढुंकून पाहिले नसते अशा त्या पदावर एवढी झटापट झाली, कारण ते पद वारसाच्या पाटाजवळचे मानले गेले.

मोरारजी तेव्हापासूनच गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते, असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती थोडी अन्यायकारक आहे. ज्येष्ठता, कारभाराचा अनुभव, स्वच्छ व्यवहार, सगळे त्यांच्या बाजूने होते. महाराष्ट्रात मात्र त्यांच्याकडे शांतपणे पाहणे कोणाला शक्य नव्हते. जानेवारी १९५६ चा मुंबईतला गोळीबार त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातला होता. त्यामुळे वारसाचा हा प्रश्न मराठी घरांत जरा वेगळा विचारला जाई : मोरारजी नको, मग कोण?

त्याचे उत्तर नोव्हेंबर १९६२ मध्ये दिल्लीला गेले. चीनने केलेल्या मानहानीत कृष्ण मेनन यांचे संरक्षणखाते गेले आणि यशवंतराव चव्हाण तिथे आले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हापासून इतक्या वेळा छापले गेले आहे, की त्यातला सह्याद्री आता गुळगुळीत झाला असेल. पण त्या दिवसांत ते मनापासून म्हटले जात होते. सह्याद्री धावलाच आहे, तर पुढेही जाईल, असा हिशेब अनेकांनी मांडला होता.

दिल्लीत राहणारा एनबीसी या अमेरिकी वाहिनीचा वार्ताहर वेल्स हँगेन याने १९६३ मध्ये ‘नेहरूंनंतर कोण?’ हाच प्रश्न शीर्षकात घेऊन पुस्तक काढले. आठ माणसे, आठ व्यक्तिचित्रे : मोरारजी, मेनन, लालबहादूर शास्त्री, चव्हाण, इंदिरा गांधी, जयप्रकाश नारायण, स. का. पाटील आणि जनरल बी. एम. कौल. आठांत दोन मराठी, हे वाचून इकडे कोणाला बरे वाटले नसेल? एका सेनाधिकाऱ्याचे नाव आज विचित्र वाटते. पण पाकिस्तानात आणि ब्रह्मदेशात लष्कराने नुकतीच सत्ता घेतली होती, तेव्हा परक्या वार्ताहराला ती शक्यता दिसणे स्वाभाविक होते. कौल तर चीनच्या युद्धात हरून आधीच बाजूला झालेले.

ही यादी हास्यास्पद मुळीच नव्हती. आठांतले तिघे पुढे खरोखर पंतप्रधान झाले. तिच्यात उणीव होती ती दुसरीच. नवरदेव सगळे होते. लग्न ठरवणारा नव्हता.

तो मद्रासला होता. के. कामराज : शाळा अर्धवट सुटलेली, हिंदी येत नाही, इंग्रजी जेमतेम, आणि कोणी काही मागितले की एकच शब्द, ‘पार्कलाम’, म्हणजे पाहू. १९६३ च्या उन्हाळ्यात अमरोहा, फर्रुखाबाद आणि राजकोट या पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया आणि मिनू मसानी निवडून आले आणि काँग्रेस हादरली. तेव्हा कामराज यांनी सुचवले, की ज्येष्ठांनी मंत्रिपदे सोडून पक्षाचे काम करावे. ऑगस्टमध्ये सगळ्यांचे राजीनामे नेहरूंच्या हाती आले. त्यांनी निवडून सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री मोकळे केले. मुख्यमंत्र्यांत खुद्द कामराज होते. मंत्र्यांत मोरारजी, जगजीवनराम, शास्त्री आणि स. का. पाटील होते. चव्हाण राहिले. ही योजना आपला काटा काढण्यासाठीच होती, हा मोरारजींचा संशय पुढे कधी फिटला नाही.

ऑक्टोबरमध्ये कामराज, अतुल्य घोष, निजलिंगप्पा आणि संजीव रेड्डी तिरुपतीला जमले. देवदर्शन झाले असेलच. पण तिथे ठरले ते इतकेच, की मोरारजी नकोत आणि त्यांना अडवायला सर्वांत कमी त्रासाचा माणूस शास्त्री. या गोटाला पुढे ‘सिंडिकेट’ म्हणू लागले. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणा त्या बैठकीत आहे. दिल्लीत लायकीची तुलना चालू होती आणि तिरुपतीत सोयीची. कोण श्रेष्ठ हे तिथे कोणी विचारलेच नाही. कोणाबरोबर आपल्याला काम करता येईल, एवढेच पाहिले गेले. घरात सून आणताना होते तसेच.

जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या अधिवेशनात नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला. त्याच महिन्यात शास्त्री बिनखात्याचे मंत्री म्हणून परतले. मोरारजींना बोलावणे आले नाही. हजरतबल दर्ग्यातून नाहीशा झालेल्या पवित्र केसाच्या प्रकरणासाठी श्रीनगरला जायचे होते आणि शास्त्रींकडे उबदार कोट नव्हता, म्हणून नेहरूंनी आपला दिला, अशी गोष्ट सांगतात. एवढे होऊनही २२ मे रोजी पत्रकारांनी वारसाबद्दल विचारले, तेव्हा नेहरूंनी आपण इतक्यात जात नाही, अशा अर्थाचे काहीतरी सांगून विषय उडवला. पाच दिवसांनी ते गेले.

प्रश्नाचे शब्दशः उत्तर त्या दुपारी मिळाले ते गुलझारीलाल नंदा. हँगेनच्या आठांत ते नव्हते. तेरा दिवस त्यांनी गाडा ओढला.

त्याच सुमारास मोरारजी रिंगणात उतरल्याची बातमी यूएनआयच्या कुलदीप नय्यर यांनी दिली. चिता थंड होण्याआधीच दावा, असा तिचा अर्थ लावला गेला. त्या बातमीबद्दल कामराज यांनी आपले आभार मानले, असे नय्यर यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. ते आधी शास्त्रींचे माहिती अधिकारी होते, हेही लक्षात ठेवायला हवे. मग कामराज खासदारांना एकेक करून भेटले, मतैक्य शास्त्रींवर असल्याचे त्यांनी जाहीर केले आणि २ जूनला नंदांनी नाव सुचवले, मोरारजींनी अनुमोदन दिले. मतपेटी आलीच नाही.

ती आली दीड वर्षाने. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये शास्त्री गेले, नंदा पुन्हा तेरा दिवस बसले. कामराज यांनाच गळ घालण्यात आली. हिंदी नाही, इंग्रजी नाही, कसे जमणार, म्हणून ते हटले. चव्हाणांचे नाव पुन्हा फिरले. त्यांनी वारा पाहिला आणि इंदिराबाईंच्या मागे उभे राहिले. चव्हाण कुंपणावर बसतात, ही टीका त्यांना आयुष्यभर चिकटली. पण त्या वेळी कुंपणाच्या पलीकडे उडी मारून काय मिळाले असते, हे मोरारजींकडे पाहून कळते. १९ जानेवारीला मोरारजींनी मतदानाचा हट्ट धरला. इंदिरा गांधी ३५५, मोरारजी १६९. ज्यांनी सोयीची म्हणून तिला निवडले, त्या सिंडिकेटचे १९६९ मध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

मोरारजींना पद मिळाले ते १९७७ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, दुसऱ्याच पक्षाकडून. तेव्हाही मतदान झाले नाही. ठरवले जयप्रकाश आणि कृपलानी या दोन वृद्धांनी, खासदारांचा कल पाहून. म्हणजे ज्या रीतीवर मोरारजी तेरा वर्षे चिडून होते, त्याच रीतीने. त्या लोकसभेत समोरच्या बाकांवर काँग्रेसचे नेते म्हणून यशवंतराव चव्हाण बसले होते.