बेकारी भत्ता व लोकमत

बेकारी भत्ता व लोकमत : काम करण्याची इच्छा व क्षमता असूनही ज्या व्यक्तीस काम मिळत नाही, तिला निर्वाहासाठी ठराविक काळ देण्यात येणाऱ्या रोख रकमेस बेकारी भत्ता म्हणतात. हा भत्ता दोन प्रकारचा असतो : (१) वर्गणीतून उभारलेल्या निधीतून मिळणारा विम्याचा लाभ आणि (२) वर्गणीची अट नसलेले, सार्वजनिक निधीतून दिले जाणारे साहाय्य. पहिल्यास समाज सामान्यतः हक्क मानतो, तर दुसऱ्यास पुष्कळदा दान समजतो. महाराष्ट्रात या दोहोंहून निराळी, भत्त्याऐवजी कामाची हमी देणारी पद्धत रूढ झाली व तिला व्यापक लोकमान्यता लाभली. मात्र याच लोकमतामुळे खुद्द भत्ता दुर्लक्षित राहिला.

पार्श्वभूमी : बेकारास दिलेल्या साहाय्याने आळस वाढतो, ही शंका जुनी आहे. इंग्लंडमधील १८३४ च्या दारिद्र्यविषयक कायद्याने धडधाकट गरजूची स्थिती सर्वांत हलक्या मजुराच्या स्थितीपेक्षा निकृष्टच असावी, असे तत्त्व स्वीकारले. पुढे बेकारी हा व्यक्तीचा दोष नसून उद्योगधंद्यांतील चढउतारांचा परिणाम आहे, हा विचार प्रबळ झाला. ब्रिटनने १९११ मध्ये काही उद्योगांपुरता सक्तीचा बेकारी विमा सुरू केला. जर्मनीने १९२७ मध्ये व अमेरिकेने १९३५ मध्ये तशा तरतुदी केल्या.

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात काम मिळण्याचा हक्क व बेकारीच्या काळात लोकसाहाय्याचा हक्क यांचा एकत्र उल्लेख आहे. तथापि तो मार्गदर्शक तत्त्वांत असून राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आहे. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवेदनात बेकार माणसाला उपासमारीच्या भयापोटी आपले मूलभूत हक्कही सोडून द्यावे लागतात, हे निदर्शनास आणले होते. या दृष्टीने बेकारीतील आधार हा केवळ दयेचा नव्हे, तर नागरिकत्वाचा प्रश्न ठरतो.

दुष्काळी कामांची परंपरा : महाराष्ट्रातील लोकमताची मुळे दुष्काळी कामांत आढळतात. १८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने रस्ते, तलाव इ. कामे काढली. खडी फोडण्यास व माती वाहण्यास जो तयार होईल तोच खरा गरजू, अशी त्यामागील कसोटी होती. १८७७ मध्ये मजुरी घटविण्यात आली, तेव्हा मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली व पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. अशा रीतीने ‘श्रम करील त्याला साहाय्य’ हा दंडक रुजला. त्याचबरोबर ते साहाय्य पुरेसे असावे, ही मागणीही पुढे आली.

रोजगार हमी : महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रारंभिक प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजनेची घोषणा झाली; परंतु लगेच उद्भवलेल्या भीषण दुष्काळामुळे प्रत्यक्षात दुष्काळी कामेच चालवावी लागली. रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत अंगमेहनतीचे काम न दिल्यास दिवसाला किमान १ रुपया बेकारी भत्ता द्यावा, अशी तरतूद त्यात होती.

योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. तो मुख्यतः शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून वसूल होई. खेड्यातील मजुरासाठी शहरवासीयांनी कर द्यावा, या कल्पनेस विधिमंडळात सर्व पक्षांचा पाठिंबा मिळाला. पैसा फुकट वाटला जात नसून त्यातून रस्ते, बंधारे व पाझर तलाव निर्माण होतात, हा युक्तिवाद त्या बाबतीत प्रभावी ठरला. टीकाही झाली : ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत, अशी बागायतदारांची तक्रार होती, खोट्या हजेरीपटांविषयी व कामांच्या दर्जाविषयीही आक्षेप घेण्यात आले. पण काम मागण्याच्या हक्कावर सहसा कोणी आक्षेप घेतला नाही.

ग्रामीण दृष्टिकोन : बेकारीचे हंगामी स्वरूप पूर्व विदर्भातील भातशेतीच्या प्रदेशात स्पष्ट दिसते. गोंदिया शहरानजीकचे नागरा हे प्राचीन शिवमंदिरासाठी परिचित असलेले गाव याच प्रदेशात मोडते. येथील शेतमजुराला पावसाळ्यात रोवणीच्या वेळी आणि पुढे कापणी व मळणीच्या वेळी काम असते. नंतरच्या महिन्यांत ते आटते. जवळ जंगल असेल तेथे मोहफुले व तेंदूपाने यांचा काही आठवडे आधार मिळतो, अन्यथा मजुराला गाव सोडावे लागते. असा मजूर वर्षभर बेकार नसतो, म्हणून तो बेकारांच्या नोंदवहीत येत नाही. त्याचा मालकही बदलत असल्याने वर्गणीचा विमा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम (२००५) २००६ मध्ये ज्या २०० जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, त्यांत गोंदियाचा समावेश होता. माजी मालगुजारी तलावांतील गाळ काढणे, बांधबंदिस्ती इ. कामे या भागाच्या विशेष उपयोगाची आहेत. कारण तलाव सुधारला की पुढील हंगामाच्या शेतीलाही पाणी मिळते.

या अधिनियमानुसार १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एकचतुर्थांश व पुढे किमान निम्मा भत्ता ठरविण्यात आला. तो देण्याचे दायित्व राज्य शासनावर होते, तर अकुशल मजुरी केंद्राकडून येई. त्यामुळे भत्ता हा गरजूचा आधार असण्यापेक्षा प्रशासनावरील दंड ठरला, आणि दंड चुकविण्याकडे यंत्रणेचा कल राहिला. मागणीच्या अर्जाची तारखेसह पोच नसेल, तर १५ दिवस कधी संपले हे मजुराला सिद्ध करता येत नाही. म्हणून कायद्यातील भत्ता व्यवहारात क्वचितच दिला गेला. मजूरही थोड्या भत्त्यासाठी भांडण्यापेक्षा पुन्हा कामच मागणे पसंत करीत.

औद्योगिक व सुशिक्षित बेकारी : संघटित कामगारांसाठी १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक कलह अधिनियमात कामबंदी व कामगारकपातीच्या भरपाईची तरतूद झाली; मात्र ती भरपाई मालकाकडून मिळणारी होती, शासकीय भत्ता नव्हे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर असंख्य कामगारांची नोकरी कायमची गेली, तेव्हा अनेकांना कोकणातील व घाटावरील मूळ गावांचाच आसरा घ्यावा लागला. कुटुंब व गाव हाच बेकारी विमा, ही समजूत त्यामुळे दृढ झाली. पण तिचा भार घरातील स्त्रियांच्या मोलमजुरीवर व नातलगांच्या तुटपुंज्या शेतीवर पडला. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली २००५ व २०१८ मध्ये बेकारीच्या लाभाची सोय झाली, परंतु ती विमा उतरविलेल्या कामगारांपुरतीच होती. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले. तेही कामाच्या प्रशिक्षणाशी जोडलेले होते, ही बाब लक्षणीय आहे.

मूल्यमापन : कामाशी निगडित साहाय्यास महाराष्ट्रातील समाज अनुकूल आहे. या वृत्तीमुळे मजुराची प्रतिष्ठा जपली गेली, करदात्याची संमती मिळाली व सार्वजनिक मालमत्ता उभी राहिली. परंतु वृद्ध, आजारी, गर्भवती व अंगमेहनत न झेपणारी माणसे या कसोटीत बसत नाहीत. शिवाय भत्त्याविषयीच्या तिटकाऱ्याने हमीचाच पाया कमकुवत होतो. कारण काम न दिल्यास काहीच द्यावे लागत नसेल, तर काम देण्याचे बंधन केवळ नावापुरते उरते. भत्ता हा कामाचा पर्याय नसून कामाच्या हक्काचे संरक्षण आहे, ही जाणीव लोकमतात रुजण्यावर या हक्काची परिणामकारकता बऱ्याच अंशी अवलंबून आहे.