चार नंबर रिकामाच ठेवा

२०१२ च्या दिवाळीत मला निझव्याहून एका सभासदांचा फोन आला. ‘सर, सगळ्यांना अंक मिळाला, आम्हालाच नाही. मंडळ विसरलं का आम्हाला?’ मंडळ विसरलं नव्हतं. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती, आणि मी तेव्हा कॉलेजात प्रोग्रॅमिंगच शिकवत होतो!

सभासदांच्या नोंदींसाठी मी विंडोजवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम सी-शार्पमध्ये लिहिला होता. कोण ओमानच्या कुठल्या भागात राहतं, ते निवडायला ड्रॉपडाऊन यादी होती. ही नावं मी ‘एनम’मध्ये लिहिली होती. एनम म्हणजे ठरावीक नावांचा संच. प्रत्येक नावामागे एक आकडा असतो. आपण आकडे दिले नाहीत, तर संगणक ०, १, २ असे ओळीने देतो. यादीत नाव दिसतं, पण माझ्या फाइलमध्ये साठत होता तो आकडा.

तेव्हा ओमानमध्ये ४ गव्हर्नरेट आणि ५ प्रदेश होते. माझ्या यादीत बातिना ४ वर, निझव्याचा दाखिलिया ५ वर, दाहिरा ६ वर आणि शर्किया ७ वर. ऑक्टोबर २०११ मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, फेररचना झाली. बातिना आणि शर्किया यांचे उत्तर-दक्षिण असे दोन-दोन भाग झाले आणि एकूण ११ गव्हर्नरेट झाली.

पुढच्या वर्षी मी ‘बातिना’ खोडून तिथेच दोन नावं लिहिली. पुढचे सगळे आकडे सरकले. जुना ५ आता ‘दक्षिण बातिना’ झाला. निझव्याची पाकिटं बरक्याच्या स्वयंसेवकाकडे गेली. सूरची मंडळी दाहिरात जाऊन बसली. प्रोग्रॅमने एकदाही तक्रार केली नाही.

मग मी प्रत्येक नावाला स्वतःहून आकडा दिला. जुने आकडे जिथल्या तिथे ठेवले. नव्या चार भागांना ९ ते १२ दिले. ४ आणि ७ कायमचे निवृत्त केले. ते यादीत दिसत नाहीत, पण दुसऱ्या कुणाला द्यायचेही नाहीत. ४ वरचे सभासद उत्तरेचे की दक्षिणेचे, हे संगणक सांगू शकत नव्हता. गाव पाहून एकेक नोंद हाताने बदलली: सोहार उत्तरेत, बरका दक्षिणेत.

तुमच्यापैकी जी मुलं आज प्रोग्रॅमिंग शिकतात, त्यांना एक सांगतो. अख्खा एनम ‘गेटव्हॅल्यूज’ने उचलून यादीला जोडणं एका ओळीचं काम आहे, पण मग नावं कोडमधल्यासारखी, मधली जागा न सोडता, चिकटून दिसतात आणि निवृत्त आकडेही डोकावतात. त्यापेक्षा नाव-आकडा अशा जोड्या करा. ‘डिस्प्लेमेंबर’ला नाव द्या, ‘व्हॅल्यूमेंबर’ला आकडा. नाव मराठीत दाखवा, अरबीत दाखवा, क्रम बदला. आकडा मात्र हलवू नका. त्या आकड्यामागे कुणाचं तरी घर असतं.

निझव्याला मी अंक स्वतः गाडीने नेऊन दिला. चकली खाऊन परतलो.